गुडघा बदलला, दुखण्याचं काय?

गुडघेबदलाचं ऑपरेशन ठरलं की घरात चौकशी होते ती सर्जनची, इम्प्लांटची आणि खर्चाची. नंतरचे दोन-तीन दिवस दुखणं कसं आवरणार, हे भूलतज्ज्ञांना विचारायचं राहून जातं. माझ्या मते हा प्रश्न आधी विचारायला हवा. दुखणं आवाक्यात असेल तरच पेशंट वॉकर धरून लवकर उभा राहतो, गुडघा वाकवतो. पडून राहिलं की गुडघा आखडतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीतीही वाढते.

ऑपरेशन बऱ्याचदा कमरेत इंजेक्शन देऊन होतं. ती भूल काही तासांत उतरते. पुढच्या दुखण्यासाठी पूर्वी पाठीत एपिड्युरलची बारीक नळी ठेवण्याची पद्धत होती. आराम पडे, पण रक्तदाब उतरे, लघवी अडे, चांगला पायही जड होई. जांघेतल्या फिमोरल नसेच्या ब्लॉकने ते टळलं, पण मांडीचा पुढचा स्नायू ढिला पडायचा. पेशंट उभा राहिला की गुडघा दगा द्यायचा. नव्या गुडघ्यावर पडणं किती महागात जातं, हे सांगायला नको.

म्हणून आता ॲडक्टर कॅनॉल ब्लॉकला पसंती आहे. मांडीच्या मध्यावर, आतल्या बाजूला सोनोग्राफीचा प्रोब ठेवला की पडद्यावर रोहिणी काळ्या गोलासारखी धडधडताना दिसते. सुईचं टोक डोळ्यांसमोर ठेवत तिच्या शेजारी औषध सोडतात. तिथल्या नसा मुख्यतः संवेदनांच्या, त्यामुळे दुखणं कमी होतं आणि मांडीची ताकद बरीचशी टिकते. गुडघ्याच्या मागची बाजू मात्र सुटते. त्यासाठी आयपॅक ब्लॉक देतात किंवा सर्जन ऑपरेशन चालू असतानाच सांध्याभोवती औषध टोचतात.

एका इंजेक्शनचा असर साधारण 12 ते 24 तास. तो बऱ्याचदा रात्री ओसरतो आणि दुखणं एकदम उसळतं. ‘आत्ता दुखत नाही, मग गोळी कशाला?’ असं म्हणू नका. ठरलेल्या वेळच्या गोळ्या ब्लॉक उतरण्याआधीच सुरू व्हायला हव्यात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरच ठरवतील. स्वतःहून बंद करू नका.