पिल्लाला 'सोड' शिकवा, हिसकावू नका

घरात कुत्र्याचे पिल्लू आले की पहिला फटका बसतो चपलांना आणि दुसरा मुलांच्या पायमोज्यांना. दहा बाय बाराच्या खोलीत ते पळून पळून पळणार कुठे? खाटेखाली. मग मुले खाटेखाली हात घालतात, चप्पल खेचतात, पिल्लू गुरगुरते आणि वडीलमाणसे एक चापट ठेवून देतात. रोज असेच घडत गेले तर पिल्लू एवढेच शिकते की, माणसाचा हात जवळ आला म्हणजे आपली वस्तू गेलीच. सात-आठ महिन्यांत ते अंगाने भरते आणि त्याच हातावर दात टेकवते. तो हात घरातल्या लहानग्याचा असण्याची भीती जास्त. त्यानंतर कुत्र्याला पोत्यात घालून दूरच्या नाक्यावर सोडून येतात, हे आपल्या वस्त्यांतून अनेकांनी पाहिले असेल.

पिल्लाला हात नसतात, तोंड हाच त्याचा हात. त्याचे २८ दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. या दिवसांत हिरड्या शिवशिवतात. तेव्हा चावणे ही त्याची खोडी नव्हे, गरज आहे. म्हणून त्याला त्याचे स्वतःचे खेळणे द्यावे. बाजारातून आणायलाच हवे असे नाही. जुन्या सुती साडीच्या तीन पट्ट्या काढून घट्ट वेणी घालावी आणि दोन्ही टोकांना गाठी माराव्यात. वेणी हातभर लांब असावी, म्हणजे मुलांची बोटे दातांपासून दूर राहतील. तिचे धागे सुटू लागले की ती टाकून दुसरी करावी. जुनी चप्पल मात्र खेळायला देऊ नये. जुनी कोणती आणि काल बाजारातून आणलेली कोणती, हे त्याला कळत नाही.

आता शिकवणे. वेणीचे एक टोक पिल्लाच्या तोंडात, दुसरे आपल्या हातात. थोडा वेळ ओढाताण करू द्यावी. वेणी पिल्लाच्या मानेच्या उंचीवरच ठेवावी, आडवी हळूहळू हलवावी. वर उचलून पिल्लाला लोंबकळवू नये. मग एकदम थांबावे. हात मांडीला टेकवून घट्ट धरावा, ओढू नये, बोलू नये. खेळणे निर्जीव झाले की पिल्लाला त्यात गंमत राहत नाही. काही क्षणांत ते तोंड उघडते. नेमके त्याच वेळी 'सोड' म्हणावे आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा चिकनचा चणाडाळीएवढा तुकडा द्यावा. नाहीच सोडले तर तुकडा नाकाजवळ धरावा, म्हणजे तोंड उघडेल.

पुढची गोष्ट बहुतेक लोक विसरतात. सोडलेली वेणी लगेच त्याला परत द्यावी आणि पुन्हा खेळावे. सोडले म्हणजे खेळ संपला, असे त्याला वाटता कामा नये. सोडले की तुकडाही मिळतो आणि खेळही मिळतो, हे पटले की ते आपणहून सोडू लागते. हे जमल्यावर 'सोड' आधी म्हणावे. घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. आजी 'टाक' म्हणते, मुलगा 'दे' म्हणतो आणि वडील नुसतेच ओरडतात, अशा घरात पिल्लाने ऐकावे तरी कोणाचे? दिवसातून दोन-तीन वेळा पाच मिनिटे एवढे पुरे.

ओढाताणीत कुत्र्याला जिंकू दिले तर ते डोक्यावर बसते, असे म्हणणारे बरेच भेटतात. इंग्लंडमध्ये निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ या संशोधकांनी १४ गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांवर हे तपासून २००२ साली प्रसिद्ध केले. हरले काय किंवा जिंकले काय, कुत्री मालकावर शिरजोर झालेली दिसली नाहीत. तेव्हा पिल्लाला खुशाल जिंकू द्यावे.

जबडा फाकून वस्तू काढणे, नाकावर मारणे, मागे धावणे, हे तिन्ही टाळावे. मागे धावलो तर त्याला वाटते शिवणापाणी सुरू झाली! खेळताना थोडी गुरगुर चालते, तेव्हा अंग सैल आणि शेपटी हलती असते. अंग ताठ झाले, नजर रोखली आणि पिल्लू वस्तूवर वाकून बसले, तर हात मागे घ्यावा. त्या गुरगुरण्याबद्दल मारू नये. मार खाऊन ते गुरगुरणे सोडते आणि सरळ चावते. लहान मुलांना मोठ्या माणसाशिवाय हा खेळ खेळू देऊ नये.

तोंडात सुई, कोंबडीचे शिजलेले हाड असे काही असेल तेव्हा खेळणे पुरत नाही. चिकनचे दोन-चार तुकडे जमिनीवर टाकून पिल्लाला बाजूला करावे. दोरा गिळून त्याचे टोक बाहेर लोंबत असेल तर तो ओढू नये, आतडी कापली जाण्याचा धोका असतो. तसेच गुरांच्या सरकारी दवाखान्यात न्यावे. मुंबईकरांना परळचे 'बैलघोडा' ठाऊक आहेच.

खेळता खेळता दात लागून ओरखडा उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीजची लस सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मोफत मिळते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्यालाही रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढच्या लसीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.