जमीन राखणाऱ्यांचा अभ्यासवर्ग : पुण्याची इकॉलॉजिकल सोसायटी

वनाचे नियोजन करणाऱ्याचा निर्णय पुढच्या पिढीच्या वाट्याला येतो, कारण आज राखलेले ऐनाचे किंवा हिरड्याचे रोप भरात येईपर्यंत कित्येक दशके जातात. या दशकांत पाऊस आणि तापमान यांचे मान साधारण पूर्वीसारखेच राहील, हे वनशास्त्राचे फार जुने आणि बहुधा न बोलून दाखवलेले गृहीतक होते. ते आता उरलेले नाही, आणि म्हणूनच जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना बदलत्या हवामानाचा हिशेब धरून वनाचा आराखडा करायला शिकवणे, हे स्वतंत्र शिक्षणाचे क्षेत्र झाले आहे. पुणे शहरात या शिक्षणाचा पाया जिने घातला ती संस्था म्हणजे १९८२ साली प्रा. प्रकाश गोळे यांनी स्थापन केलेली इकॉलॉजिकल सोसायटी होय.

पुण्याचा आणि या विषयाचा संबंध मात्र त्याहून बराच जुना आहे. दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक असलेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, आणि कोकणातील बेसुमार तोडीमुळे ओढे आटतात व हवामानावरही परिणाम होतो, असा इशारा त्यांनी त्याच दशकात सरकारला दिला होता. वने आणि हवामान यांचा विचार एकत्र केला पाहिजे, ही दृष्टी या परिसरात अशी पावणेदोनशे वर्षांची आहे. फरक इतकाच की गिब्सन यांच्यापुढे वन तुटल्याने हवामान बिघडण्याचा प्रश्न होता, तर आजच्या नियोजकापुढे हवामान बदलल्याने वन बिघडण्याचाही आहे.

या बदलाचे मोजमापही पुण्यातच होते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, तर १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला, आणि ही घट जेथे विशेष दिसली त्यांत पश्चिम घाटही आहे. एकूण पाऊस घटत असताना अतिवृष्टीच्या घटना मात्र वाढत आहेत. वनाच्या दृष्टीने हा दुहेरी मार आहे, कारण लांबलेल्या कोरड्या काळात वणव्याचा धोका वाढतो आणि एका दिवसात कोसळलेला पाऊस उघड्या उतारावरची माती घेऊन जातो.

तरीही देशाची सरासरी हाती आली म्हणजे एखाद्या डोंगराचा आराखडा तयार होत नाही. पुणे जिल्ह्यात ताम्हिणी घाटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, शहरात सातशेच्या आसपास, आणि बारामती-इंदापूरकडे तो पाचशेच्या आतबाहेर येतो. म्हणजे शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात निमसदाहरित वन, पानझडी वन, काटवन आणि गवताळ माळ अशी सारी स्थित्यंतरे होतात. बारामतीकडील सुप्याच्या माळरानाला ‘पडीक’ ठरवून तेथे दाट झाडे लावणे हे चिंकाऱ्याच्या आणि माळरानावरील पक्ष्यांच्या अधिवासावर घाला घालण्यासारखे आहे, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती वृक्षारोपणाचा निधी देणे धोक्याचे ठरते. शहरातील टेकड्यांवर भराभर हिरवळ यावी म्हणून लावलेली ग्लिरिसिडिया, म्हणजे मध्य अमेरिकेतून आलेली उंदीरमारी, हे याचे डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. तेथे हिरवाई आली, पण एकाच परदेशी जातीच्या छायेखाली स्थानिक वनस्पतींची विविधता पुरेशी परतली नाही, आणि एकाच जातीवर उभे असलेले वन हवामानाच्या धक्क्यापुढे सर्वांत दुबळे असते.

गोळे यांची विचारपद्धती या चुकीवर नेमके बोट ठेवणारी होती. ते पक्षिअभ्यासक होते, आणि मुळा-मुठेच्या प्रदूषित पात्रातील पक्ष्यांच्या नोंदींतून त्यांनी नदीच्या प्रकृतीचे निदान केले. जीवजात ही परिसंस्थेची खूण आहे, म्हणून उपचार एकट्या जातीवर न करता माती, पाणी, वनस्पती आणि माणसाचा वापर यांच्या एकत्रित व्यवस्थेवर करावा लागतो, हा त्यांचा आग्रह होता. त्यातून नैसर्गिक संसाधनांचे शाश्वत व्यवस्थापन आणि निसर्गसंवर्धन या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम सोसायटीने सुरू केला. त्यात शिकलेल्या केतकी घाटे आणि मानसी करंदीकर यांनी पुढे ‘ऑइकॉस’ ही संस्था काढून खासगी जमीनमालकांना परिसर-पुनरुज्जीवनाचा, म्हणजे बिघडलेल्या जमिनीवर मूळची जीवव्यवस्था परत आणण्याचा, सल्ला देण्याचा व्यवसायच उभा केला. मुळशी, मावळ, वेल्हे या भागांतील कितीतरी रान मालकीचे असल्यामुळे वनखात्याचे व्यवस्थापन तेथे पोचत नाही आणि मालकाचे शिक्षण हाच तेथे मुख्य मार्ग उरतो, हे लक्षात घेतले म्हणजे या व्यवसायाचे मोल कळते.

पुनरुज्जीवनाच्या या पद्धतीत कुदळ सर्वांत शेवटी हाती येते. प्रथम उताराचे भाग पाडले जातात : माथ्यावरचा उघडा मुरूम, मधल्या टप्प्यावरची कारवी आणि करवंदाची जाळी, पायथ्याशी ओढ्याकाठी उंबर आणि जांभूळ. मग तोडलेल्या ऐनाच्या किंवा किंजळाच्या बुंध्याला आलेले फुटवे तपासले जातात. मूळ जिवंत असेल तर एकदोन जोमदार फुटवे राखून बाकीचे काढले की नव्या रोपापेक्षा लवकर झाड उभे राहते, कारण त्याची मुळे आधीच खोल गेलेली असतात आणि कोरड्या वर्षात तीच त्याला तारतात. नवे रोप लावायचेच झाले तर ते करवंदाच्या जाळीच्या आडोशाला लावणे शहाणपणाचे, कारण तेथे सावली असते, पालापाचोळ्याने ओल टिकते आणि गुरांचे तोंड पोचत नाही. पावसाळा सरल्यावर गवत पुरते वाळण्याआधी जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा, तयार करावी लागते. ती एका वर्षी चुकली तर अनेक वर्षांची राखण एका दुपारी जळून जाते.

हवामान-अनुकूलनाचे, म्हणजे बदल अटळ धरून त्यातून तगण्याची तजवीज करण्याचे, औपचारिक प्रशिक्षण अमेरिकेत विशेष विकसित झाले आहे. तेथील वनसेवेने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या कार्यपुस्तिकेत जमीन सांभाळणारा स्वतःच्याच वनाचा प्रश्न घेऊन बसतो आणि उद्दिष्ट, धोका, उद्दिष्टाची फेरतपासणी, उपाय व देखरेख अशा पाच पायऱ्यांनी आराखडा लिहितो. उपाय ठरवताना बदल रोखणे, धक्का पचवून सावरण्याची क्षमता वाढवणे, किंवा नव्या हवामानाला साजेशा वनाकडे मुद्दाम वाटचाल करणे, या तीन दिशांतून निवड करायची असते. सह्याद्रीत पहिली दिशा देवराईसारख्या अमोल तुकड्यांपुरती योग्य, दुसरी बहुतेक ठिकाणी लागू, आणि तिसरी अत्यंत सावधपणे वापरण्याची आहे. घाटमाथ्यावर पूर्वेकडच्या धावडा-सालईचे प्रयोग करण्याआधी तेथील मूळ बियाण्याला संधी दिली पाहिजे.

उणीव आहे ती हे शिक्षण पोचण्याची. वनखात्याची कार्य आयोजना, म्हणजे वनविभागाच्या प्रत्येक कक्षात काय करायचे हे ठरवणारा दस्तऐवज, साधारण दहा वर्षांसाठी असते. ती लिहिताना हे शिक्षण हाताशी नसले तर संधी हुकते आणि दशक जाते. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचा अधिकार दिला आहे. आंबेगाव-जुन्नर भागातील महादेव कोळी कुटुंबांचा मोठा आधार असलेला बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचे कोवळे फळ, ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात झडला आणि झाडेही मोडली, तेव्हा एकाच उत्पन्नावर विसंबलेल्या गावांपुढे अनुकूलन हा रोजच्या भाकरीचा विषय होऊन उभा राहिला. अशा ग्रामसभेला हिरड्याबरोबर आणखी कोणत्या जाती राखाव्यात, बी कोठून आणावे, कोणता उतार चराईला बंद ठेवावा, हे ठरवण्याचे ज्ञान पुण्यातल्या वर्गांत उपलब्ध आहे. ते सोप्या मराठीत, त्यांच्याच रानात जाऊन, वनरक्षक आणि वनहक्क समितीचे सदस्य यांना एकत्र बसवून दिले जावे, आणि त्याचा खर्च दर पावसाळ्यातील रोपवाटपाच्या निधीतून आधी वेगळा काढला जावा.