चिखल, बर्फ आणि मागची चाके

मराठीच्या मास्तराने मोटारीवर लिहावे, आणि तेही बर्फावर ती कशी हाकावी याविषयी, हे वाचून आमचे विद्यार्थी हसतील. हसोत बापडे! नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत राहणाऱ्या माणसाला बर्फ ठाऊक तो रसवंतीवरचा, भुश्शात गुंडाळलेला. पण गेल्या डिसेंबरात आमच्या ताईच्या मोबाईलवर एक छायाचित्र आले आणि हा विषय एकाएकी घरचा होऊन बसला.

ताईचा मुलगा नांदेडला अभियांत्रिकी शिकला आणि नोकरीसाठी जर्मनीत श्टुटगार्टला गेला. टेकड्यांच्या परातीत वसलेले हे शहर. चढ-उतारांना तोटा नाही. तेथे त्याने एक जुनी बी. एम. डब्ल्यू. घेतली. छायाचित्रात ती टपापर्यंत बर्फाने झाकलेली होती आणि खाली चिरंजीवांनी लिहिले होते, ‘मामांना सांग, या गाडीलाही मागच्या चाकांचीच ओढ आहे.’

थट्टा त्याची होती, पण ताईला रात्रभर झोप लागली नाही. तिचे कारण सांगितले पाहिजे.

२००४ सालच्या जुलैमधली गोष्ट. आमच्याकडे वडिलांची जुनी ॲम्बॅसडर होती. मागे ताई, तिच्या मांडीवर चार वर्षांचा हाच भाचा आणि पुढे मी, नव्याने गाडी शिकलेला. शेताकडून परतताना पावसाची सर आली. आमच्याकडची काळी माती कोरडी असताना दगडासारखी. पाणी पिऊन फुगली की साबणासारखी. वळणावर मी स्टिअरिंग फिरवले आणि त्याच क्षणी ॲक्सिलरेटरही दाबला. गाडीचे शेपूट बाजूला निघाले. घाबरून मी ब्रेकवर उभा राहिलो. गाडी आडवी होऊन चारीत गेली. मुलाला ओरखडाही उठला नाही. ताईचे मनगट मात्र मोडले. पावसाळ्यात ते अजून ठणकते. त्याबद्दल ती मला आजवर एक शब्दही बोललेली नाही, आणि तेच मला जड जाते.

छायाचित्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “त्या दिवशी तुला जे कळलं ना, ते त्याला आधीच सांग.”

मग मी पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले आणि भाच्याला जे कळवले, ते वाचकांपुढेही ठेवतो.

बैलगाडीत बैल पुढून ओढतात आणि चाके मुकाट्याने मागे येतात. आजच्या बहुतेक लहान मोटारी याच जातीच्या. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना. मागच्या ओढीची गाडी म्हणजे भाजीवाल्याची हातगाडी. ती मागून ढकलायची. ओल्या फरशीवर वळताना हातगाडी जोराने ढकलून पाहा; ती वळणार नाही, आडवी होईल. त्यातून इंजिनाचे वजन पुढे, म्हणजे ढकलणाऱ्या चाकांवर भार कमी. म्हणून निसरड्यावर ती जागच्या जागी फिरतात आणि वळणावर शेपूट सोडतात.

दुसरी गोष्ट पकडीची. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे १५ मीटरमध्ये थांबते. नितळ बर्फावर तिलाच सुमारे १०० मीटर लागतात, म्हणजे आगगाडीचे चार डबे! टायरची पकड ही गरिबाच्या खिशातल्या पैशासारखी मोजकी असते. ती वळण्यासाठी खर्च करा, थांबण्यासाठी करा, नाही तर वेगासाठी. दोन कामांना एकदम पुरत नाही. मी त्या वळणावर नेमके हेच मागितले होते. तेव्हा सरळ रस्त्यावरच वेग कमी करावा, मग वळावे आणि गाडी सरळ झाल्यावरच हलकेच ॲक्सिलरेटर द्यावा. जागेवरून निघताना दुसऱ्या गिअरमध्ये निघावे, म्हणजे चाकाला हिसका बसत नाही.

आणि शेपूट सुटलेच तर? ब्रेकवर पाय नेऊ नये. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलावा, क्लच दाबावा, म्हणजे इंजिन मागच्या चाकांना अडवीत नाही. शेपूट उजवीकडे चालले तर स्टिअरिंगही उजवीकडे, डावीकडे चालले तर डावीकडे. आणि गाडी सावरू लागताच ते लगेच सरळ, नाही तर शेपूट दुसरीकडे झोकांडी खाते. नजर खड्ड्यावर नव्हे, जिथे जायचे तिथे ठेवावी. हात नजरेमागे जातात.

चिखलात रुतलेल्या चाकाखाली आपण पोती घालतो, तुराट्या-पऱ्हाट्या घालतो. तिकडचे लोक डिकीत वाळूचे पोते ठेवीत. मागचा भार वाढतो आणि रुतल्यावर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. पण पोते पक्के बांधलेले हवे, आणि टायरच साधे असतील तर त्याचा उपयोग थोडाच. थंडीत साध्या टायरचे रबर कडक होते. हिवाळी टायरचे मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फाला धरतात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर असे टायर कायद्यानेच लागतात. त्यांवर डोंगर आणि हिमकणाची खूण असते. ते चारही चाकांना हवेत, केवळ मागच्यांना नव्हेत. मृग लागला की आपण छपराची कौले चाळतो, तसे तिकडे ऑक्टोबर ते ईस्टर हे टायरचे दिवस.

युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला घसरण सावरणारी विद्युत यंत्रणा सक्तीची आहे. उत्तमच आहे. परंतु खिशात नसलेला पैसा यंत्रालाही खर्च करता येत नाही. पुलावरचा रस्ता आधी गोठतो, कारण त्याला खालूनही गार वारा लागतो. तेथे वेग कमी करणे हे माणसाचेच काम.

हे सारे मी दोन रविवार फोनवर सांगितले. भाच्याने निमूटपणे ऐकले, टायर बदलले आणि सुटीच्या दिवशी रिकाम्या पटांगणात परवानगी घेऊन गाडी मुद्दाम घसरवून पाहिली. घसरण आधी ओळखीची झाली की वेळेला हात गोठत नाहीत.

जानेवारीत एका सकाळी त्याचा फोन आला. रात्री पाऊस पडून रस्त्यावरच गोठला होता. सगळीकडे काचेचा पातळ थर. ताईने घाईघाईने विचारले, “मग तू कसा गेलास?”

“गाडी काढलीच नाही, आई. चालत स्टेशनवर गेलो, रेल्वेनं आलो. वेळ झाला थोडा.”

ताईने फोन ठेवला. दुखरे मनगट दुसऱ्या हाताने चोळीत माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “आता त्याला गाडी येते.”