मालाची वाट सुधारणारे तिघे

पीक उत्तम आलें म्हणजे शेतकऱ्याचें काम संपलें, अशी समजूत आमच्यांत अजूनही पुष्कळ ठिकाणीं आढळते. वास्तविक पाहतां तेव्हां त्याचें अर्धेंच काम झालेलें असतें. माल शेतांत असेपर्यंत त्याच्यावर ऊन, पाऊस व कीड यांचा अंमल. तो बांधाबाहेर पडला, कीं गाडी, हमाल, वखार, आगबोट व अडत्या यांचा अंमल सुरू होतो. पहिल्या अर्ध्याविषयीं शेतकी मासिकांतून दर महिन्यास कांहीं ना कांहीं येतच असतें. आज दुसऱ्या अर्ध्याविषयीं, म्हणजे मालाच्या वाटेविषयीं, चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

ही वाट गेल्या शंभर वर्षांत अगदीं पालटून गेली. ती पालटविणाऱ्या अनेकांपैकीं तिघांची हकीकत येथें देत आहों. तिघेही अमेरिकेंतले; परंतु तिघांचाही शेताशीं निकट संबंध होता. एक शेतकऱ्याचा मुलगा, दुसरा शेतावरील यंत्रें दुरुस्त करणारा कारागीर, आणि तिसरी लहानशा शेतावर राबत वाढलेली मुलगी. त्यांनीं जें केलें तें आमच्या द्राक्षांच्या पेटीपर्यंत येऊन पोहोंचलें आहे. म्हणून वाचकांनीं ही परदेशची गोष्ट म्हणून बाजूस सारूं नये, अशी विनंति आहे.

लोखंडी पेटी

माल्कम मॅक्लीन याचा जन्म इ. स. १९१३ मध्यें नॉर्थ कॅरोलायना प्रांतांतील मॅक्स्टन या गांवीं झाला. बाप शेतकरी होता. १९३४ सालीं माल्कमनें भावंडांच्या साह्यानें मालमोटारीचा धंदा सुरू केला. १९३७ मध्यें कापसाचे गठ्ठे घेऊन तो न्यू यॉर्कजवळील होबोकेनच्या धक्क्यावर गेला असतां माल बोटीवर चढेपर्यंत त्यास दिवसभर तिष्ठत बसावें लागलें. तेव्हां, ‘एकेक गठ्ठा उचलण्याऐवजीं गाडीचा सगळा डबाच उचलून बोटीवर कां ठेवूं नये?’ असा विचार मनांत आला, असें तो पुढें सांगत असे. ही हकीकत मागाहून रचलेली असावी, असें कांहीं इतिहासकारांस वाटतें. पण तींत वर्णिलेली अडचण मात्र खरी होती.

त्या काळीं धक्क्यावरचें काम कसें चाले, हें पाहिलें म्हणजे तिची कल्पना येते. पोतें, पिंप, गठ्ठा, खोकें, जें असेल तें एकेक करून माणसांनीं उचलावयाचें, जाळ्यांत घालावयाचें, बोटीच्या पोटांत नेऊन रचावयाचें. आणि पलीकडच्या बंदरांत हाच खेळ उलटा करावयाचा. यांत माल फुटे, भिजे व चोरीस जाई. बोट पाण्यावर चालण्याऐवजीं कित्येक दिवस बंदरांत उभी राही, आणि त्या सर्व दिरंगाईचा खर्च शेवटीं मालाच्या किंमतींतून निघे.

२६ एप्रिल १९५६ रोजीं मॅक्लीनची ‘आयडियल एक्स’ ही बोट नेवार्क बंदरांतून ह्यूस्टनकडे निघाली. मूळची ती तेल वाहणारी बोट. तिच्यावर मांडव उभारून ५८ पेट्या ठेवल्या होत्या. यांनाच आज आपण कंटेनर म्हणतों. त्या वर्षीं सुटा माल चढविण्यास टनामागें पावणेसहा डॉलरांहून किंचित् अधिक खर्च येई. मॅक्लीनच्या माणसांनीं आपल्या बोटीचा हिशेब केला, तो सोळा सेंटांच्या आंत निघाला. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा फरक किती मोठा होता तें सांगावयास नको.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. पेटी ही कांहीं मॅक्लीनची नवी कल्पना नव्हती. लहानमोठ्या पेट्यांतून माल नेण्याचे प्रयोग त्यापूर्वीं अनेकांनीं केले होते. मॅक्लीनचें वैशिष्ट्य हें, कीं गाडी, यारी, बोट व धक्का या चार गोष्टी एकाच मापानें बांधल्या पाहिजेत, हें त्यानें ओळखलें. कीथ टॅंटलिंगर या त्याच्या इंजिनीयरानें पेटीच्या कोपऱ्यांस बसवावयाची पोलादी बैठक व एका वळशानें बसणारी अडकण तयार केली. तिच्यामुळें पेटीवर पेटी रचतां येऊं लागली व यारीस ती चटकन् उचलतां येऊं लागली. पुढें निरनिराळ्या कंपन्यांनीं निरनिराळ्या मापांच्या पेट्या काढल्या, तेव्हां एकाची पेटी दुसऱ्याच्या गाडीवर बसेना. सन १९६० नंतरच्या दशकांत यावर पुष्कळ वाद होऊन जगभर एकच माप ठरलें. त्या कामीं मॅक्लीनच्या कंपनीनें अडकणीच्या पेटंटावरील आपला हक्क इतरांसाठीं मोकळा केला. स्वतःचा फायदा थोडा सोडल्यावांचून सर्वांची वाट मोकळी होत नाहीं, याचें हें उत्तम उदाहरण आहे.

या पेटीची दुसरी बाजूही सांगणें प्राप्त आहे. पाठीवर माल वाहून पोट भरणाऱ्या हजारों धक्का-कामगारांचें काम तिनें हिरावून घेतलें. लंडन शहरानजीकच्या जुन्या गोद्या १९६८ ते १९८१ या काळांत एकामागून एक बंद पडल्या. स्वस्ताई झाली ती कोणाच्या तरी रोजगाराची किंमत देऊन झाली, हें विसरतां कामा नये.

फिरती थंडी

पेटी झाली, पण तींत फळें व भाजी घालून उन्हांत ठेवली, तर पलीकडे निघावयाचा तो खतास योग्य असा माल. हा प्रश्न सोडविण्याचा मार्ग फ्रेडरिक मॅक्किन्ली जोन्स यानें दाखविला.

जोन्स याचा जन्म १८९३ सालीं सिनसिनाटी शहरीं झाला. तो कृष्णवर्णीय होता, आणि लहानपणींच पोरका झाला. शाळेंतलें शिक्षण नांवापुरतेंच. मिनेसोटा प्रांतांतील हॅलॉक या गांवाजवळ एका मोठ्या शेतावर यंत्रें दुरुस्त करण्याचें काम त्यास मिळालें, आणि तेथें पुस्तकें वाचून व यंत्रें खोलून तो स्वतःच इंजिनीयर बनला. पुढें जोसेफ न्यूमरो नांवाच्या कारखानदाराकडे तो नोकरीस राहिला.

त्या काळीं नाशिवंत माल मोटारींतून नेतांना बर्फाच्या लाद्या भरीत. वाटेंत खोळंबा झाला, कीं बर्फ वितळे व माल नासे. थंडी करणारें यंत्र मोटारीवर बसविण्याचे प्रयत्नही झाले होते. पण रस्त्याचे धक्के बसून तें खिळखिळें होई. जोन्सनें सन १९३८ च्या सुमारास धक्के सोसणारें, आटोपशीर व आपोआप चालूं-बंद होणारें यंत्र तयार केलें. त्यावर न्यूमरो व जोन्स यांनीं जी कंपनी काढली, ती पुढें ‘थर्मो किंग’ या नांवानें जगप्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धांत औषधें, रक्त व अन्न थंड ठेवून नेण्यास हीं यंत्रें फार उपयोगीं पडलीं. १९६१ सालीं जोन्स वारला. तंत्रविद्येंतील कामगिरीबद्दल अमेरिकन सरकारचें राष्ट्रीय पदक त्यास मिळालें तें १९९१ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर तीस वर्षांनीं. कृष्णवर्णीयांपैकीं तें मिळविणारा तो पहिलाच.

आकाशांतून मोजलेली जमीन

जमीन मोजणें म्हणजे साखळी, हें आमच्या मनांत पक्कें बसलेलें आहे. आणि तें वावगेंही नाहीं. हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्टन यानें १८०२ सालीं मद्रासेजवळ साखळीनें पायारेषा मोजूनच सुरू केली. आतां मात्र बोट किंवा गाडी कोठें आहे हें आकाशांतील उपग्रहांवरून कळतें. या उपग्रहांच्या योजनेस अमेरिकेंत १९७३ सालीं मंजुरी मिळाली. तिचें नेतृत्व ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांजकडे होतें, आणि पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्यें सोडण्यांत आला.

तिची रीत ऐकण्यास सोपी आहे. प्रत्येक उपग्रह आपल्याजवळील अत्यंत अचूक घड्याळाची वेळ सारखी सांगत असतो. ती खालीं पोहोंचण्यास किती अवधि लागला, यावरून उपग्रह किती दूर आहे तें निघतें. आणि चार उपग्रहांचीं अंतरें मिळालीं, कीं आपलें ठिकाण ठरतें. परंतु वेळेंत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाची चूक झाली, तरी अंतरांत तीनशें मीटरांची चूक होते. शिवाय आणखी एक अडचण आहे. पृथ्वी ही गुळगुळीत गोटी नाहीं. कोठें तिचें आकर्षण अधिक, कोठें उणें. त्यामुळें तिचा खरा आकार वेडावांकडा आहे. तो आकार गणितानें बसविल्याखेरीज उपग्रहाचें सांगणें जमिनीशीं जुळत नाहीं.

हें किचकट गणित करणाऱ्यांत ग्लॅडिस वेस्ट यांचें नांव मोठें आहे. त्यांचा जन्म १९३० सालीं व्हर्जिनिया प्रांतांत झाला. आईबापांचें लहानसें शेत होतें. जन्मभर तंबाखू व कापूस खुडीत बसावयाचें नसेल, तर शिकल्यावांचून गत्यंतर नाहीं, हें त्यांनीं लहानपणींच ओळखलें. शाळेंत पहिला क्रमांक मिळवून शिष्यवृत्तीवर त्यांनीं गणिताची पदवी घेतली, आणि १९५६ सालीं डालग्रेन येथील नौदलाच्या संशोधन-केंद्रांत त्या रुजू झाल्या. तेथील कृष्णवर्णीय नोकर तेव्हां हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. उपग्रहांनीं केलेल्या मोजण्यांवरून पृथ्वीचा आकार अधिकाधिक अचूक काढण्याचें काम त्यांनीं संगणकाच्या साह्यानें वर्षानुवर्षें केलें. जगास त्यांचें नांव कळलें तें मात्र निवृत्तीनंतर, आणि अमेरिकन वायुदलानें त्यांचा गौरव केला तो २०१८ सालीं. स्वतः प्रवासास निघतांना त्यांना कागदी नकाशाच अधिक आवडे, असें त्यांनीं सांगितल्याचें प्रसिद्ध आहे.

प्रारंभीं सामान्य लोकांस मिळणाऱ्या खुणेंत अमेरिकन सरकार मुद्दाम थोडी चूक मिसळीत असे. २ मे २००० पासून तें बंद झालें, आणि तेव्हांपासून मालमोटारी, बोटी व शेतांतील ट्रॅक्टर यांसही या खुणा अधिक उपयोगीं पडूं लागल्या.

नाशिकच्या द्राक्षांची वाट

या तिघांचें काम एकत्र पाहावयाचें असेल, तर द्राक्षांच्या हंगामांत नाशिक जिल्ह्यांत जावें. युरोपास जाणारीं द्राक्षें सकाळच्या गारव्यांत तोडून, निवडून, खोक्यांत भरतात. कांहीं तासांच्या आंत तीं पूर्वशीतनगृहांत घालून त्यांतली शेतची उष्णता काढून टाकतात. आणि मग शून्य ते एक अंश उष्णतामानाच्या थंड पेटींत रचून न्हावा-शेवा येथील बंदराकडे नेतात. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. येथें अनुभवाचा एक मुद्दा सांगून ठेवितों: थंड पेटी ही आलेली थंडी राखते, गरम माल थंड करणें हें तिचें काम नव्हे. ज्याची फळें तोडल्यावर दुपारभर झाडाखालीं पडून राहिलीं, त्यास जोन्सचें यंत्रही तारूं शकत नाहीं.

एकट्या बागायतदारास हा सारा खर्च झेपणें शक्य नव्हतें. म्हणून सहकारी संस्थांनीं एकत्र येऊन १९९१ सालीं ‘महाग्रेप्स’ ही संघटना काढली. आरंभीं माल नाकारला जाण्याचे कडू अनुभव आले. पण त्यांतूनच शीतगृहें, खोक्यांचें माप व प्रतवारी या गोष्टी शिकतां आल्या.

तरीही वाट निर्वेध झाली असें नाहीं. २०१० सालीं आमचीं द्राक्षें युरोपांत सुखरूप पोहोंचलीं; पेटी शाबूत होती, थंडीही बरोबर होती. पण फळांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचा अंश तिकडील मर्यादेहून अधिक निघाला. वेलीची फाजील वाढ रोखण्यास तें वापरीत असत. माल अडकला, आणि बागायतदारांचें अतोनात नुकसान झालें. मालाबरोबर त्याची माहितीही प्रवास करीत असते, आणि तीही तितकीच निर्मळ लागते, हा धडा त्या वर्षीं फार महाग पडला. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फळांच्या नमुन्याची तपासणी व खोक्यावरून बागेपर्यंत मागोवा घेण्याची सोय, यांकरितां ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था आहे. तिच्याकडे कंटाळवाणी कागदपत्रें म्हणून न पाहतां आपलें संरक्षण म्हणून पाहणें इष्ट होय.

शिवाय समुद्रावरच्या गोष्टी आपल्या हातीं नसतात. मार्च २०२१ मध्यें ‘एव्हर गिव्हन’ ही प्रचंड बोट सुएझच्या कालव्यांत आडवी रुतली आणि सहा दिवस ती वाट बंद पडली. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत बोटींवर हल्ले सुरू झाले. त्यामुळें २०२४ च्या हंगामांत पुष्कळ बोटी आफ्रिकेस वळसा घालून गेल्या. प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, भाडें वाढलें, आणि नाशिवंत मालाच्या मालकास तो प्रत्येक दिवस मोजावा लागला.

आपण काय करावें?

या साऱ्यांतून आमच्यासारख्या संस्थांनीं घ्यावयाचा बोध थोडक्यांत असा आहे. एक, गांवांतील सर्वांनीं खोक्याचें माप व प्रत एकच ठेवावी; दहाजणांचा दहा तऱ्हेचा माल ही दहा पोतीं होत, तोच एका मापाचा झाला म्हणजे ती एक पेटी होते. दोन, पूर्वशीतनाची सोय बंदरावर नव्हे, तर बागेपासून तास-दीड तासाच्या अंतरावर व शक्य तर संस्थेच्या मालकीची असावी. तीन, प्रत्येकानें आपल्या शेताचा नकाशा, फवारणीची तारीख, औषधाचें नांव व प्रमाण यांची वही रोजच्या रोज लिहावी. चार, दूरच्या एकाच बाजारावर सगळा माल कधींही टाकूं नये. जवळचा बाजार व बेदाण्याची सोय हाताशीं ठेवावी.

मॅक्लीननें वाट स्वस्त केली, जोन्सनें ती गार केली, वेस्ट यांनीं ती अचूक केली. पण वाट चांगली झाली म्हणजे तिचा लाभ शेतकऱ्यासच होतो, असें मात्र नाहीं. पेटी ज्याची, शीतगृह ज्याचें व नोंद ज्याच्या हातीं, त्यास तो प्रथम होतो. म्हणून या तिन्ही गोष्टींत आपला वाटा किती आहे, हा प्रश्न हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक संस्थेनें आपल्या सभेंत विचारावा, आणि त्याचें उत्तर इतिवृत्तांत लिहून ठेवावें.