‘लिमिटेड एडिशन’ म्हणजे नक्की काय? चारशे खुर्च्यांची गोष्ट

बसमध्ये गोंगाट असेल किंवा इअरफोन घरी राहिले असतील, तर आजचा भाग ऐकण्याऐवजी वाचा. सोयीसाठी थोडा नीटनेटका केलाय, बाकी गप्पा त्याच.

एक प्रश्न विचारतो. बुटांची जाहिरात येते, ‘लिमिटेड एडिशन’. तेच बूट, तोच कारखाना, फक्त रंग वेगळा आणि किंमत दुप्पट. आपण का घेतो? कारण आपल्याला वाटतं, हे सगळ्यांकडे नसणार. पण ते मोजकेच का आहेत? कंपनीने ठरवलं म्हणून! उद्या आणखी दहा हजार जोड काढायचे म्हटले, तर मशीनला काहीच अडचण नाही.

कलेच्या जगात ही भानगड सुरू कशी झाली, ते आधी बघू.

आकड्यामागचं कारण

छापचित्रकार तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरतो, शाई भरतो आणि कागदावर दाबून छाप घेतो. प्रत्येक छापाला पत्रा थोडा झिजतो. काही पद्धतींमध्ये तर काही डझन छापांनंतरच रेषा पुसट व्हायला लागतात. म्हणजे प्रती मोजक्या असण्यामागे खरं कारण होतं. मग चित्राखाली पेन्सिलने ३/५० असं लिहायची पद्धत रुळली. एकूण पन्नास प्रती, त्यातली ही तिसरी. काम संपलं की कधी कधी पत्र्यावर आडव्या रेघा ओढून तो बाद करतात, म्हणजे नंतर कुणी गुपचूप छापायला नको. शिवाय कलाकार काही प्रती स्वतःसाठी ठेवतो, त्या या पन्नासात धरत नाहीत.

आज डिजिटल प्रिंटमध्ये काहीच झिजत नाही. पहिली प्रत आणि पाच हजारावी प्रत सारखीच. आकडा राहिला, कारण गेलं. आता तो आकडा म्हणजे फक्त एक वचन आहे.

गाएतानो पेशे काय म्हणाला?

इथे आपल्या गोष्टीत येतो गाएतानो पेशे. जन्म १९३९, इटलीतलं ला स्पेझिया हे बंदराचं गाव. शिक्षण व्हेनिसमध्ये, आर्किटेक्चरचं. पण हा गडी इमारतींवर थांबला नाही. फर्निचर, शिल्पं, दिवे, फुलदाण्या, सगळं केलं. आयुष्याचा मोठा काळ न्यूयॉर्कमध्ये काढला आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथेच गेला.

त्याचं भांडण एकाच गोष्टीशी होतं: कारखान्यातून सगळं एकसारखं का निघावं? माणसं एकसारखी नसतात, मग त्यांच्या वस्तू का असाव्यात?

१९८४ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये एक प्रयोग केला. साचा एक, खुर्च्या नऊ. फक्त प्रत्येक वेळी रेझिनचं मिश्रण बदललं. रेझिन माहितीये ना? इन्स्टाग्रामवर ज्याचे कोस्टर आणि कानातले बनवतात तेच. आधी पातळ असतं, मग घट्ट होतं. तर पहिली खुर्ची इतकी मऊ की ती उभीच राहत नाही, बसकण मारते. पुढे पुढे कडकपणा वाढत जातो आणि मध्ये कुठेतरी ती बसण्याजोगी होते. मग शिल्प कुठे संपलं आणि खुर्ची कुठे सुरू झाली? सांगता येत नाही.

चारशे वेळा ‘कसा आहेस?’

आता येऊ सप्टेंबर २०२२ वर, मिलानमध्ये. बोत्तेगा व्हेनेता या फॅशन कंपनीच्या शोसाठी पेशेने पाहुण्यांच्या खुर्च्या केल्या, एकूण चारशे. नाव ‘कोमे स्ताई?’, म्हणजे ‘कसा आहेस? कशी आहेस?’ सुती कॅनव्हास रेझिनमध्ये भिजवायचा, खुर्चीचा आकार द्यायचा आणि कडक होऊ द्यायचा. कापड कुठे दुमडेल, रंग कुठे ओघळेल, हे पुन्हा हुबेहूब जमत नाही. काही खुर्च्या एकाच रंगाच्या, काहींवर चित्रं. दिवाळीच्या चकल्या आठवा: सोऱ्या एकच, पण वेटोळं प्रत्येकीचं वेगळं.

इथे ‘लिमिटेड एडिशन’चा अर्थच उलटा झाला. नेहमीच्या एडिशनमध्ये पन्नास प्रती शक्य तितक्या सारख्या हव्यात, डाग पडला तर प्रत बाद. पेशेच्या एडिशनमध्ये तो डाग हीच त्या खुर्चीची ओळख. इटालियनमध्ये तो ‘माल्फात्तो’ हा शब्द वापरायचा, म्हणजे ओबडधोबड, नीट न जमलेलं. त्याच्या दृष्टीने ते कौतुक होतं.

पण थांबा…

एक गोष्ट खटकते ना? ‘प्रत्येक माणूस वेगळा’ हे सांगणाऱ्या खुर्च्या बसायला मिळाल्या कुणाला? निमंत्रित पाहुण्यांना. नंतर त्या डिझाईन मायामी प्रदर्शनात विक्रीला गेल्या, तिथेही घेणारे पैसेवालेच. हा विरोधाभास खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

पण पेशेला हे फक्त श्रीमंतांसाठी नको होतं, हेही खरं. ‘नोबडीज परफेक्ट’ नावाच्या त्याच्या खुर्च्या कारखान्यात बनायच्या, पण साच्यात रंगीत रेझिन ओतायचं काम हाताने. रंग कसे मिसळायचे यात कामगाराचाही वाटा. म्हणजे वेगळेपणा ठरवणारा हात फक्त कलाकाराचा नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी ‘लिमिटेड’ दिसलं की दोन प्रश्न विचारा. एकूण प्रती किती, कलाकाराच्या स्वतःच्या धरून? आणि हे मोजकं आहे ते बनवण्याच्या पद्धतीमुळे, की फक्त कुणीतरी ठरवलं म्हणून? दुसऱ्याचं उत्तर ‘ठरवलं म्हणून’ असेल, तर आवडलं तर जरूर घ्या, पण जादा पैसे आकड्याचे देताय हे लक्षात ठेवा.

चला, आज इतकंच. तुमच्या घरात एखादी वाकडी, ओबडधोबड, पण टाकवत नाही अशी वस्तू आहे का? आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!