चालती ठेवायची गाडी

पुण्याहून नगर रस्त्याला लागलं की रांजणगावच्या महागणपतीनंतर शिरूर येतं. घोडनदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो आणि पुढे अहिल्यानगरला लष्कराचं रणगाडा संग्रहालय लागतं. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशीचे रणगाडे उभे आहेत. त्या सगळ्यांत वयाने थोरला मान मात्र एका मोटारीचा आहे. ती रोल्स-रॉइस आहे: सिल्व्हर घोस्टच्या चॅसीवर पोलादी चिलखत चढवून केलेली लढाऊ गाडी.

रोल्स-रॉइस म्हटलं की आपल्याला संस्थानिक, शिकारी आणि मिरवणुका आठवतात. चिलखती गाडीत ना मऊ कातड्याच्या गाद्या, ना अक्रोडाचं लाकूडकाम. चिलखत, मशीनगन आणि माणसं मिळून चार टनांच्या घरातलं ओझं तिला वाहायचं होतं. त्यासाठी पाटे भक्कम केले, पण मूळ इंजिन आणि सांगाडा श्रीमंतांच्या मोटारीचाच राहिला. या गाडीचं मोठेपण अंगावरच्या साजात नव्हतं, हाडात होतं. जुनी विलायती गाडी सांभाळू पाहणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं.

चार्ल्स रोल्स आणि हेन्री रॉइस यांची भेट ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरला झाली. १९०६ साली त्यांची सहा सिलिंडरांची ‘४०/५०’ मोटार लंडनच्या प्रदर्शनात आली. कंपनी गिऱ्हाइकाला विकायची ती फक्त चॅसी: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर. वरचं अंग बार्कर, हूपर यांसारखे कारागीर गिऱ्हाइकाच्या पसंतीने बांधून देत. १९०७ साली अ‍ॅल्युमिनियमच्या रंगात रंगवलेल्या एका गाडीला ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव मिळालं आणि पुढे साऱ्या वाणालाच ते चिकटलं. त्या गाडीची १५,००० मैलांची चाचणी झाली. त्यातले १४,३७१ मैल ती कुठल्याही बिघाडाने न थांबता चालली. मग ती पूर्ण खोलून, झिजलेला प्रत्येक भाग मोजून, नव्यासारखी करायला सुट्या भागांचा खर्च किती आला ते जाहीर झालं: दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स.

मला या आकड्याचं मोल वेगापेक्षा आणि अंतरापेक्षा जास्त वाटतं. गाडी झिजणार हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. ती खोलता यावी, मोजता यावी आणि पुन्हा जोडता यावी, अशीच तिची बांधणी होती.

या गाडीची परीक्षा आपल्या मातीतही झाली. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी ६२० मैलांची चाचणी झाली, वाटेत सहा घाट. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची सिल्व्हर घोस्ट त्यात अव्वल ठरली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. त्या काळच्या खडीच्या रस्त्यांवर सह्याद्रीचे घाट चढणं हीच तिची खरी जाहिरात होती. इथल्या संस्थानिकांची गिऱ्हाइकी वाढली, ती त्यानंतर.

आता प्रश्न येतो तो सांभाळण्याचा. अशी गाडी शिरूरच्या एखाद्या वाड्यात किंवा दौंडच्या एखाद्या बंगल्यात असली, तर तिला मुंबईपेक्षा इथली हवा मानवते. हा पर्जन्यछायेचा पट्टा. समुद्राची खारी हवा नाही, त्यामुळे पत्र्याला गंज कमी. पण कोरड्या उन्हाने रबर कडक होतं, कातडं तडकतं, लाकडावरचा पातळ थर उचलला जातो. धुळीने एअर फिल्टर कोंदतो. उसाच्या फडातले उंदीर थंडीत उबेला गाडीत शिरले तर जुन्या वायरिंगचं कापडी वेष्टण कुरतडून टाकतात. म्हणून कातड्याला वेळेवर तेलपाणी, बॅटरीची वायर काढून ठेवणं आणि बॉनेट नियमित उघडून पाहणं ही मालकाची पहिली कामं.

पुढचं काम मेस्त्रीचं, आणि इथे तालुक्याचं गाव मागे नाही. जुन्या ब्रिटिश गाड्यांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ मापाचे असतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली हे माप ठरवलं. आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मेट्रिकचा ६० अंशांचा. पान्यावर कोरलेला आकडाही तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. ३/८ कोरलेल्या पान्याचं तोंड १८ मिलिमीटरच्या आसपास भरतं. हे ठाऊक नसलेला माणूस जवळपासचा पाना लावून नटाच्या कडा मारून टाकतो. पण विहिरींवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करत ज्यांची हयात गेली, वाफेच्या इंजिनांच्या काळात दौंड जंक्शनवर ज्यांनी काम केलं, त्या फिटरांच्या पिढीच्या हातात विलायती मापं मुरलेली होती. अशा जुन्या वर्कशॉपमधला टॅप-डायचा डबा आजही चाळून पाहण्यासारखा असतो. किंगपिनचा बुश झिजला तर इंग्लंडहून मागवायलाच हवा असं नाही. गनमेटलचा गोळा आणून चांगला लेथवाला तो इथेच फिरवून देतो.

त्याहून नाजूक काम बेअरिंगचं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत क्रँकशाफ्टची बेअरिंगं पाकिटात मिळत नसत. जागेवर व्हाइट मेटल वितळवून ओतायचा आणि हाताने बसवायचा. शाफ्टला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, बेअरिंगमध्ये ठेवून एक फेरा फिरवायचा, उचलून पाहायचं. जिथे निळा डाग उठला तिथे धातू उंच आहे. स्क्रेपरने तेवढाच केसभर खरवडायचा, पुसायचं, पुन्हा निळा, पुन्हा फेरा. डाग साऱ्या पृष्ठभागावर सारखे पसरले की बेअरिंग बसलं. अनुभवी हात आधी डोळ्याने पाहतो, मग बोटाच्या टोकाने खात्री करतो. अशा एका कामात दिवस जातो आणि त्यात घाई चालत नाही.

सगळ्याच जुन्या ब्रिटिश गाड्या इतक्या साध्या नाहीत. १९६५ साली आलेल्या रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्ये सित्रोएन कंपनीच्या परवान्याने घेतलेली हायड्रॉलिक यंत्रणा आहे. ब्रेक आणि गाडीची उंची समतोल ठेवणारी रचना त्याच दाबावर चालते. तिला ब्रेक फ्लुइडच लागतं. १९८० नंतरच्या सिल्व्हर स्पिरिटला मात्र खनिज तेल लागतं. एकाची बाटली दुसऱ्यात ओतली की आतली सगळी रबरी सीलं बाद. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक चॅसीला जोडलेलं असतं. नेहमीच्या सवयीने उलटी बॅटरी लावली की डायनामोचं गणित बिघडतं, रेडिओ असला तर तो जळतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीचं पुस्तक वाचायचं, ही शिस्त या कामात मोठी.

आजची सगळ्यात मोठी अडचण टाकीत आहे. भीमा आणि घोड नदीच्या काठचा हा उसाचा मुलूख. पाटसचा भीमा, न्हावऱ्याचा घोडगंगा यांसारख्या साखर कारखान्यांभोवती इथला संसार उभा राहिला. उसापासून होणाऱ्या इथेनॉलने साखर उद्योगाला आधार दिला, शेतकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलंच झालं. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाडीचं पोट त्याला सरावलेलं नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर ते पाणी तळाशी बसून टाकी आतून गंजते. कॉर्कची पॅकिंगं आणि जुन्या रबराचे पडदे फुगतात, सुटतात. जॅग्वारसारख्या गाड्यांतल्या एसयू कार्बोरेटरमध्ये एक निमुळती सुई वर-खाली होऊन पेट्रोल मोजते. मिश्रण बदललं की त्याच सुईतून कमी पडतं, इंजिन गरम होतं, चढावर मिसिंग मारतं. उपाय आहेत: इथेनॉल सोसणारे पाइप आणि सीलं, सुईचं माप बदलणं, टाकीत पेट्रोल जुनं होऊ न देणं. तेल कंपन्यांनी नोंदणीकृत जुन्या गाड्यांसाठी निवडक पंपांवर इथेनॉलमुक्त पेट्रोल ठेवावं, ही मागणीही रास्त आहे.

नोंदणीचा विषय सरकारने २०२१ साली मार्गी लावला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपात असलेल्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ दर्जा मिळतो. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. सुटे भाग मिळेनात म्हणून एकेकाळी कितीतरी गाड्यांत डिझेल इंजिनं बसवली गेली. आता मूळ इंजिन जपण्याला कायद्याचं पाठबळ आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. मात्र प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल यांसाठी रस्ता मोकळा आहे.

यातला ‘देखभाल’ हा शब्द मालकांनी मनावर घ्यावा. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. तेल खाली उतरतं, सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात, ब्रेकचे पिस्टन जागीच धरतात. महिन्यातून एकदा पहाटे शिरूरहून न्हावरे, भीमेवरचं पारगाव आणि पुढे चौफुल्यापर्यंत एक फेरी मारावी. तेल पुरतं गरम व्हावं, गिअर सगळे पडावेत, ब्रेक आठ-दहा वेळा नीट लागावेत. परतल्यावर काय ऐकलं, काय गळलं, काय बदललं, हे वहीत लिहावं. पुढच्या मालकाला गाडीबरोबर ती वही मिळाली तर त्याची अनेक वर्षं वाचतील.

टाटांनी २००८ साली जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि २०११ पासून पुण्यातच तिच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली. रांजणगावच्या एमआयडीसीत मोटारी बनतात. मोटारकामाची जाण असलेली तरुण पोरं या भागात भरपूर आहेत. पण व्हाइट मेटल ओतणं, कार्बोरेटरची सुई निवडणं ही कामं कुठल्या कारखान्यात शिकायला मिळणार नाहीत. ती थकलेल्या मेस्त्रीच्या शेजारी उभं राहूनच शिकावी लागतात. ज्याच्या दारात अशी गाडी आहे त्याने आयटीआयमधून निघालेल्या एखाद्या पोराला त्या मेस्त्रीच्या हाताखाली लावावं आणि दोघांनाही नीट पैसे द्यावेत. रंगावर आणि क्रोमवर लाख रुपये घालून मजुरीत घासाघीस करणारा मालक पॉलिश विकत घेतो. गाडी जिवंत राहते ती त्या दोघांच्या मजुरीवर.