पायाच्या नखांची बुरशी : ओळख व उपाय

झाशी जिल्ह्यातील टहरौली हा बुंदेलखंडाचा शेतीप्रधान भाग होय. अशा भागात खरिपाच्या दिवसांत शेतकऱ्याचे पाय तासन्‌तास चिखलात राहतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पाऊस सरला की त्या आपोआप जातील, या समजुतीने त्यांकडे दुर्लक्ष होते. पुढे केव्हातरी अंगठ्याचे नख पिवळसर पडते, जाड होते आणि त्याची कड भुगा होऊन झडू लागते. बेचक्यांतील चिखल्या आणि नखाचा हा विकार यांचे मूळ पुष्कळदा एकच असते.

नख हे केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचे बनलेले असते. काही बुरशी याच प्रथिनावर जगतात. गजकर्ण उत्पन्न करणाऱ्या बुरशी त्याच कुळातल्या. कास्तेलानी या शास्त्रज्ञाने १९१० साली वर्णन केलेली ‘ट्रायकोफायटन रुब्रम’ ही नखाच्या विकारात सर्वांत अधिक आढळते. ती बहुधा नखाच्या पुढच्या अथवा बाजूच्या कडेखालून शिरते आणि हळूहळू मुळाकडे सरकते.

तथापि प्रत्येक जाड नख बुरशीचेच असते असे नाही. बिघडलेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी सापडते. उरलेल्यांचे कारण जुनी इजा, घट्ट जोडे, सोरायसिस किंवा उतारवय हे असते. म्हणून औषधापूर्वी परीक्षा हवी. नखाखालचा भुगा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात भिजवतात. केराटिन विरघळते आणि बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

उपचारात रुग्णाचा धीर सुटतो, त्याचे कारण नखाच्या वाढीत आहे. पायाचे नख महिन्याला अवघे दीड मिलिमीटर वाढते. अंगठ्याचे नख संपूर्ण नवे येण्यास १२ ते १८ महिने लागतात. बिघडलेले नख औषधाने सुधारत नाही; औषध बुरशीला आवरते आणि मागून येणारे नख निरोगी वाढते. ग्रिसिओफल्विन १९३९ साली एका बुरशीपासूनच मिळाले व १९५८ नंतर पोटात घेण्यासाठी वापरात आले. पण पायाच्या नखांसाठी ते वर्षभर किंवा अधिकही घ्यावे लागे. टर्बिनाफिन हे आजचे प्रमुख औषध साधारणतः १२ आठवडे देतात. यकृताला अपाय होण्याचा थोडा संभव असल्यामुळे ते वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावे. गोळ्या संपल्यावर नख लगेच स्वच्छ दिसले नाही, म्हणून औषध फसले असे समजू नये. विकार थोडा असल्यास नखावर लावण्याचे औषधी लेपही उपयोगी पडतात.

दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे मात्र घातक होत. त्यांनी कातडीची खाज थांबते, पण बुरशी फोफावते. भारतात पसरलेल्या एका चिवट गजकर्णाच्या बुरशीस २०२० साली ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव देण्यात आले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही.

मधुमेही माणसाने या विकारास किरकोळ मानू नये. त्याच्या पायांची संवेदना मंदावलेली असू शकते. जाड नखाने झालेली जखम कळत नाही, तीत जंतू शिरतात, आणि प्रसंगी पाय गमावण्याची पाळी येते.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. शेतातून आल्यावर पाय धुऊन बेचके कोरडे करावे. ओले जोडे उन्हात वाळवावे, मोजे रोज बदलावे. नखे सरळ कापावी. घरात एकास विकार असल्यास त्याची नखकात्री व पंचा निराळा ठेवावा. चिखल्यांवर वेळीच उपचार करावा; बेचक्यात काही आठवड्यांत आटोपणारे काम नखात शिरले म्हणजे वर्षाचे होते.